पुंजभौतिकी फळ्यावरून टेबलावर आणा

गळीत हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रत्येक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक काम पाळीपाळीने रात्रंदिवस चालते : पोल काढणे. उसाच्या रसाचा नमुना येतो, त्यातला गढूळपणा काढून तो गाळला जातो, स्वच्छ द्रव काचेच्या लांब नळीत भरतात आणि नळी पोलरीमीटरमध्ये ठेवतात. एका टोकाने एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडला जातो. साखरेच्या द्रावणातून जाताना त्याची कंपनदिशा वळते, आणि किती वळली त्यावरून रसात साखर किती ते कळते. हिशेब नेमका आहे. 26 ग्रॅम शुद्ध साखरेचे 100 मिलिलिटर द्रावण 20 सेंटिमीटरच्या नळीत भरले, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची दिशा सुमारे 34.6 अंशांनी फिरते. जगभरचा साखर उद्योग याच मापाला शंभर धरून चालतो.

प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाला. पुढे संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, सोनई, भेंडे असे करत कारखान्यांची रांगच जिल्ह्यात उभी राहिली. उसाचा दर साखर उताऱ्याशी जोडलेला असतो आणि उताऱ्याच्या हिशेबात पोलचा आकडा असतोच. म्हणजे तीन पिढ्या या जिल्ह्याचे अर्थकारण प्रकाशाच्या एका सूक्ष्म गुणधर्मावर विसंबून आहे. हा गुणधर्म म्हणजे प्रकाशाचे ध्रुवीकरण. प्रकाशाचे पुंजरूप, म्हणजे क्वांटम वर्तन, समजून घ्यायचे तर सगळ्यात सोपे दार नेमके हेच आहे.

कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात मात्र चित्र वेगळे दिसते. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात प्रारण आणि द्रव्य यांच्या द्वैती स्वरूपावर चौदावे प्रकरण आहे. ते फळ्यावर शिकवले जाते, प्रकाशविद्युत परिणामाचा आलेख काढला जातो, आइनस्टाइनचे समीकरण पाठ होते आणि त्यावरची गणिते सुटतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुले हे सारे इंग्रजीतून घोकतात आणि गुणही मिळवतात. पण प्रकाश असा वागताना त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो. विसाव्या शतकातली सगळ्यात मोठी वैचारिक उलथापालथ मुलांपर्यंत पोचते ती चार गुणांचा प्रश्न होऊन.

हे बदलायला हवे आणि बदलणे शक्य आहे. प्रकाशाचे पुंजरूप दाखवणारे प्रयोग तालुक्याच्या ठिकाणी मिळणाऱ्या सामानातून करता येतात. त्यांना कोट्यवधींची उपकरणे लागत नाहीत. लागते ती एक अंधारी खोली, तयारीचा शिक्षक आणि कोणता प्रयोग नेमके काय सिद्ध करतो हे सांगण्याचा प्रामाणिकपणा.

पहिला प्रयोग दोन वस्तूंचा आहे. स्टेशनरीच्या दुकानात अंधारात चमकणाऱ्या चांदण्यांचे स्टिकर मिळतात, आणि बनावट नोटा ओळखण्यासाठी वापरतात तो छोटा जांभळा दिवा अनेक दुकानांच्या गल्ल्यावर असतो. खोली अंधारी करायची. काही वेळ काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेला, पूर्ण विझलेला स्टिकर टेबलावर ठेवायचा. त्यावर लाल एलईडीचा प्रखर प्रकाश टाकायचा : दहा सेकंद, एक मिनिट, पाच मिनिटे. दिवा बंद केला की स्टिकर काळाच्या काळा. आता जांभळ्या दिव्याने त्यावर एक रेघ ओढायची, जेमतेम सेकंदभर. दिवा विझला तरी स्टिकरवर हिरवी रेघ लखलखत राहते. पाहिजे तर त्या दिव्याने आपले नावही लिहिता येते.

प्रकाशाची देवघेव पुंजांत न होता सलग होत असती, तर जास्त वेळ, जास्त लाल प्रकाश टाकून थोडी थोडी ऊर्जा साठली असती आणि स्टिकर कधीतरी पेटला असता. तसे होत नाही. 650 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे एका पुंजामध्ये, सुमारे 1.9 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते, 395 नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये सुमारे 3.1. स्टिकरमधून बाहेर पडणाऱ्या हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनला सुमारे 2.4 लागतात. चिंचेच्या उंच फांदीपर्यंत न पोचणारे शंभर खडे मारले तरी चिंच पडत नाही, पोचणारा एक खडा पुरतो. लाल आणि जांभळ्या फोटॉनमधला फरक असाच आहे.

हा प्रयोग खेळण्यातला वाटेल, पण त्याचे कूळ थोर आहे. आइनस्टाइनने 1905 साली प्रकाशपुंजांची कल्पना मांडली, तेव्हा प्रकाशविद्युत परिणाम हा त्या निबंधातला एकमेव पुरावा नव्हता. त्याआधीच्याच भागात त्याने स्टोक्सच्या नियमाचा दाखला दिला होता. प्रतिदीप्त पदार्थातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आत शिरलेल्या प्रकाशापेक्षा सहसा जास्त असते, असे तो नियम सांगतो. प्रकाश पुंजांच्या रूपात शोषला जात असेल, तर हा नियम आपोआप निघतो, असे आइनस्टाइनचे म्हणणे होते. चमकणाऱ्या चांदणीवर अहिल्यानगरच्या एखाद्या वर्गात होणारा प्रयोग हा त्या युक्तिवादाचाच थेट वारस आहे.

घरातल्या सामानातूनही हेच दिसते. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद टाकून त्यावर तो जांभळा दिवा धरला, तर द्रव हिरवट-पिवळा चमकतो. पालकाची पाने स्पिरिटमध्ये कुस्करून गाळलेला हिरवा द्रव त्याच दिव्याखाली रक्तासारखा लाल दिसू लागतो. लाल दिव्याखाली हळद ढिम्म राहते.

दुसरा प्रयोग मोजमापाचा आहे. लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी, एक बॅटरी, एक रोध, एक पोटेन्शिओमीटर आणि एक मल्टिमीटर एवढे सामान पुरते. अंधाऱ्या खोलीत व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचे आणि एलईडी नुकताच पेटू लागला की आकडा टिपायचा. लाल एलईडी साधारण पावणेदोन व्होल्टच्या आसपास जागा होतो, हिरव्याला त्याहून जास्त लागते आणि निळ्याला अडीचच्या आसपास जावे लागते. प्रत्येक रंगाची कंप्रता आडव्या अक्षावर आणि हे व्होल्टेज उभ्या अक्षावर मांडले की बिंदू जवळपास एका रेषेत येतात. त्या रेषेच्या चढाला इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने गुणले की प्लांकचा स्थिरांक हाती येतो.

तो अचूक येत नाही, हे शिक्षकाने आधीच सांगावे. दहा-वीस टक्क्यांची चूक सहज होते, कारण डोळ्याला 'पेटला' असे वाटण्याची वेळ आणि अर्धवाहकाच्या आतले गणित यांत तफावत असते. तरीही विद्यार्थ्याने स्वतः काढलेल्या आकड्यात दशांश चिन्हानंतरची तेहेतीस शून्ये ठरल्या जागी येतात, ही काही लहान गोष्ट नाही. हा स्थिरांक आज 6.62607015 × 10⁻³⁴ ज्यूल-सेकंद असा कायमचा ठरवलेला आहे आणि 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्याच त्यावर उभी आहे. घोडेगावच्या बाजारात कांद्याची गोणी ज्या काट्यावर चढते, त्या काट्याच्या किलोचे मूळ शोधत गेले तर शेवटी हाच आकडा लागतो. बारावीच्या मुलीने तो बॅटरी आणि मल्टिमीटरवर काढावा, यासारखे विज्ञानशिक्षण दुसरे नाही.

याच एलईडींनी आणखी एक गोष्ट करता येते. एलईडी उलटा वापरला तर तो प्रकाश ओळखणारा डोळा होतो. लाल एलईडीची दोन टोके मल्टिमीटरला जोडून त्यावर निळ्या एलईडीचा प्रकाश टाकला, की व्होल्टेज दिसू लागते. निळ्या एलईडीवर लाल प्रकाश कितीही टाका, काटा हलत नाही. शेतातल्या सौर पंपाच्या पॅनेलचे शास्त्रही हेच आहे. सिलिकॉनला इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. त्याहून कमी ऊर्जेचे, म्हणजे साधारण 1,100 नॅनोमीटरहून लांब तरंगलांबीचे फोटॉन पॅनेल तापवतात, पण वीज देत नाहीत. पारनेर-कर्जतच्या माळावर पॅनेल बसवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला हे वर्गात दिसले, तर पुस्तकातला आलेख त्याला आपल्या बांधावरचा वाटेल.

आता पुन्हा साखरेच्या नळीकडे. पोलरीमीटरचा जीव असलेले पोलरॉइड आज भंगारात मिळते. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या आणि संगणकाच्या जुन्या पडद्यांवर ध्रुवीकरण करणारी पातळ फिल्म असते. ती जपून सोडवली की प्रयोगाचे साहित्य तयार. दोन तुकडे एकमेकांवर ठेवून एक फिरवत न्यायचा. काटकोनात आला की पलीकडचा दिवा दिसेनासा होतो. आता कोणालाही विचारावे : या दोघांच्या मध्ये तिसरा तुकडा तिरका, 45 अंशांत सरकवला तर काय होईल? प्रकाश अडवणाऱ्या दोन वस्तूंत तिसरी अडवणारी वस्तू घातली तर अंधारच गडद होणार, असेच कोणीही म्हणेल. तुकडा सरकवला की दिवा दिसू लागतो. आदर्श फिल्म असेल, तर पहिल्या तुकड्यातून आलेल्या प्रकाशाचा चौथा हिस्सा बाहेर पडतो.

पॉल डिरॅकच्या पुंजयामिकीवरच्या ग्रंथात, जो पहिल्यांदा 1930 साली आला, पहिल्याच प्रकरणात फोटॉनच्या ध्रुवीकरणाची चर्चा आहे, ती याच कारणाने. प्रखर प्रकाशाच्या बाबतीत तीन तुकड्यांचा हा चमत्कार लाटेच्या गणिताने पूर्ण उलगडतो. अडचण येते ती प्रकाश मंद करत करत एका फोटॉनपर्यंत नेल्यावर. अर्धा फोटॉन पुढे जाऊ शकत नाही. तिरक्या तुकड्यापाशी तो एकतर पूर्ण पार होतो किंवा पूर्ण शोषला जातो, आणि कोणता फोटॉन पार होणार हे आधी सांगता येत नाही. सांगता येते ती फक्त शक्यता. जो पार झाला, त्याची आधीची दिशा पुसली गेलेली असते. मोजमाप केले की मोजलेली गोष्टच बदलते, हे पुंजभौतिकीचे मर्म तीन भंगार तुकड्यांच्या आधाराने समजावता येते.

यावरच आजचे एक अत्याधुनिक तंत्र उभे आहे. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रसार्ड यांनी 1984 मध्ये गुप्त संदेशाची किल्ली पाठवण्याची जी पद्धत सुचवली, तिच्यात एकेकटे फोटॉन वेगवेगळ्या ध्रुवीकरणात पाठवले जातात. वाटेत कोणी चोरून पाहिले, तर तो मधल्या तिरक्या तुकड्यासारखाच फोटॉनची दिशा बिघडवतो आणि पकडला जातो. इस्रोने मार्च 2021 मध्ये अहमदाबादला मोकळ्या हवेतून 300 मीटर अंतरावर पुंजसंदेशवहनाचे प्रात्यक्षिक यशस्वी केले. केंद्र सरकारने 19 एप्रिल 2023 रोजी 6,003.65 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यातले संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे, आणि पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र त्याआधीपासून काम करते आहे. नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत. पण प्रश्न किलोमीटरचा नाही. त्या प्रयोगशाळांत उद्या जाणारी मुले कोठून येणार, हा आहे.

येथे एक सावधगिरी हवी, आणि ती या विषयावर बोलणाऱ्यांकडून फार क्वचित पाळली जाते. विज्ञान प्रदर्शनात लेझरसमोर केस धरून भिंतीवर पट्टे पाडले जातात आणि 'क्वांटम प्रयोग' अशी पाटी लावली जाते. तो प्रयोग सुंदर आहे, जरूर करावा. केसाच्या दोन्ही बाजूंनी गेलेला प्रकाश एकमेकांत मिसळून काळे-उजळ पट्टे तयार होतात आणि त्यांवरून केसाची जाडी काढता येते. पण तो प्रकाशाचे लाटरूप दाखवतो, पुंजरूप नाही. थॉमस यंगने सूर्यकिरणात पातळ कार्डाची कड धरून हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, पुंजसिद्धांताच्या शंभर वर्षे आधी दाखवले होते.

पुंजरूप दिसायला आणखी एक पायरी चढावी लागते. केंब्रिजच्या जी. आय. टेलर या तरुणाने ती 1909 मध्ये चढून पाहिली. त्याने दिव्याच्या ज्योतीपुढे काजळी धरलेल्या काचा ठेवून प्रकाश अत्यंत मंद केला आणि सुईच्या सावलीभोवतीचे पट्टे छायाचित्राच्या काचेवर उमटू दिले. सगळ्यात मंद प्रकाशाला सुमारे 2,000 तास, म्हणजे जवळपास तीन महिने लागले. पट्टे तेवढेच ठळक उमटले. प्रयोगाच्या पेटीत एका वेळी सरासरी एकही फोटॉन नसावा इतका प्रकाश मंद होता, तरी पट्टे होते.

यापुढचा निखळ पुरावा यायला बराच काळ जावा लागला. प्रकाशविद्युत परिणामाचा बराचसा भाग प्रकाशाला लाटच मानून आणि फक्त अणूला पुंजनियम लावून समजावता येतो, हे विलिस लॅम्ब आणि मार्लन स्कली यांनी 1969 मध्ये दाखवले. त्यामुळे स्टिकर आणि एलईडीच्या प्रयोगांनंतर 'फोटॉन सिद्ध झाला' असे म्हणणे बरोबर नाही. प्रकाश आणि द्रव्य यांच्यातली देवघेव ठरावीक पुंजांतच होते आणि पुंजाचा आकार रंगावर ठरतो, एवढे ते ठामपणे दाखवतात. एकच फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर सोडला तर तो दोन्हीकडे एकाच वेळी सापडत नाही आणि तरीही व्यतिकरणाचे पट्टे देतो, हे फ्रान्समध्ये ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी 1986 मध्ये दाखवले. आस्पे यांना पुढे 2022 च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला तो गुंतलेल्या फोटॉनांवरच्या कामासाठी. वर्गात इतके सगळे करता येणार नाही. पण आपण कोठवर आलो आणि पुढची पायरी कोणती, हे मुलांना सांगता येते. सतरा वर्षांच्या मुलांना हे पेलत नाही असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

प्रकाशविद्युत परिणामाचा झिंक पट्टीवरचा मूळ प्रयोगही या जिल्ह्यात चांगला जमण्यासारखा आहे. विल्हेल्म हालवॅक्सने 1888 मध्ये केला तो हा. घासून लखलखीत केलेली जस्ताची पट्टी विद्युतदर्शीवर ठेवायची, तिला ऋण भार द्यायचा आणि तिच्यावर अतिनील प्रकाश टाकायचा. फाकलेली पाने झरझर मिटतात. मध्ये खिडकीची साधी काच धरली की मिटणे थांबते, कारण काच तो अतिनील भाग अडवते. पट्टीला धन भार दिला तर पाने मिटत नाहीत. पावसाळी दमट हवेत विद्युतदर्शीचा भार आपोआप गळतो आणि प्रयोग फसतो. नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला, इथली जानेवारी-फेब्रुवारीतली कोरडी हवा या प्रयोगाला अगदी पोषक. मात्र जंतुनाशक अतिनील दिवा डोळ्यांना आणि त्वचेला घातक असतो. तो शिक्षकाने झाकणबंद पेटीतच वापरावा, मुलांच्या हाती देऊ नये. लेझरच्या बाबतीतही हेच पथ्य.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. सीईटी, नीट, जेईई यांच्या रेट्यात प्रयोगाला तास कोठून आणणार? स्टिकर, एलईडी आणि पोलरॉइड या तीन प्रयोगांना मिळून दोन तासिका पुरतात, आणि चौदावे प्रकरण शिकवायला त्याहून जास्त तासिका जातातच. उंबरठा कंप्रता म्हणजे काय, हे स्टिकरवर पाहिलेला विद्यार्थी त्यावरच्या प्रश्नात सहसा फसत नाही. तीव्रता वाढवली तर इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वाढेल, हे चुकीचे उत्तर पाठांतरातून येते. डोळ्यांनी पाहिलेले असेल तर ते सुचतही नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सारे मोठ्या शहरांनी, मोठ्या संस्थांनी करावे, जिल्ह्याच्या गावांनी हा हव्यास कशाला धरायचा? त्याला उत्तर अहिल्यानगरच्या इतिहासातच आहे. डॉ. बी. पी. हिवाळे यांनी 1947 साली स्थापन केलेल्या अहमदनगर महाविद्यालयात जीवशास्त्राच्या पदव्युत्तर संशोधनाची शाखा उभी राहिली. तिथे काम केलेले उत्क्रांतीचे अभ्यासक जॉन बर्नबास यांना 1974 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. जिल्ह्याच्या गावात देशपातळीवरचे विज्ञान होऊ शकते, हे इथे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे.

आणि साधनांच्या तुटवड्याचे म्हणाल, तर ज्या दिवसाचा आपण दर वर्षी उत्सव करतो तो दिवस कशाचा आहे? चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कोलकात्यात 28 फेब्रुवारी 1928 रोजी जी निरीक्षणे पक्की केली, त्यांमागची मांडणी साधीच होती. आधीच्या प्रयोगांत सूर्याचा झोत, रंगीत गाळण्या, स्वच्छ द्रवाने भरलेले भांडे आणि बघणाऱ्याचा डोळा एवढ्यावर काम भागले होते. विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशात नसलेला रंग सापडला. फोटॉन रेणूला ऊर्जेचा एक हिस्सा देऊन बाहेर पडतो, म्हणून त्याचा रंग बदलतो : हा प्रकाशाच्या पुंजरूपाचाच पुरावा होता. राष्ट्रीय विज्ञान दिन हा मुळात प्रकाशाच्या क्वांटम वर्तनाचा दिवस आहे. त्या दिवशी बऱ्याच शाळांत मात्र ज्वालामुखीची प्रतिकृती, थर्मोकोलचे पवनचक्कीचे मॉडेल आणि हाताने रंगवलेली सूर्यमाला मांडली जाते आणि पाहुण्यांच्या भाषणात रामन यांचे नाव येऊन जाते.

अकोले तालुक्यात पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या रानात काजवे पेटतात आणि पुण्या-मुंबईची गर्दी लोटते. काजव्याच्या शरीरातला ल्युसिफेरिन रेणू प्राणवायूशी संयोग पावतो आणि त्यातून जास्तीत जास्त एक फोटॉन बाहेर पडतो. शंभर रेणूंमागे अठ्ठ्याऐंशी फोटॉन मिळतात असे 1960 पासून मानले जात होते. जपानी संशोधकांनी 2008 मध्ये नव्याने मोजले तेव्हा आकडा एक्केचाळीसच्या आसपास आला. रेणू मोजावेत तसा प्रकाश मोजता येतो, हे काजव्यांच्या गावातल्या शाळेत आवर्जून सांगावे असे विज्ञान आहे.

करायचे काय, तर त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहायला नको. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे उपकेंद्र जिल्ह्यात आहे. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, लोणी येथे विज्ञान महाविद्यालये आहेत. त्यांच्या भौतिकशास्त्र विभागांनी आपापल्या तालुक्यातल्या बारावीच्या शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा घ्यावी. भाषणे न ठेवता प्रत्येक शिक्षकाने वरचे प्रयोग स्वतः करून साहित्याचा डबा घेऊन परतावे. पुण्यात आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र अशा कामात वर्षानुवर्षे मुरलेले आहेत, त्यांचा सल्ला घ्यावा. साखर कारखान्यांनी हंगामात एक दिवस आपल्या प्रयोगशाळेचे दार विद्यार्थ्यांना उघडावे. कारखान्याच्या केमिस्टइतका ध्रुवीकरणाचा रोजचा अनुभव जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला नाही. मुलांनी स्वतः पोल काढावा आणि शाळेत परतून तीन तुकड्यांचा प्रयोग करावा. शिक्षण संस्था चालवणारी आणि कारखाने चालवणारी मंडळी या जिल्ह्यात पुष्कळदा एकच असतात. त्यांनी मनावर घेतले तर हे एका हंगामात होईल.

शिक्षण मंडळाकडेही एक मागणी करायला हवी. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एलईडीवरून प्लांकचा स्थिरांक काढणे हा प्रयोग सक्तीचा असावा. परीक्षेत असेल तरच प्रयोगशाळेत होईल, हे आपल्याकडचे वास्तव आहे, मग त्याचा उपयोग तरी करून घ्यावा. वहीत मित्राच्या वहीतून उतरवलेली निरीक्षणे चालणार नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी परीक्षकाची.

येत्या 28 फेब्रुवारीला जिल्ह्यातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने प्रदर्शनातले एक टेबल यासाठी राखून ठेवावे. एका बाजूला चमकणारा स्टिकर आणि दोन दिवे, मध्ये तीन एलईडी आणि मल्टिमीटर, दुसऱ्या बाजूला पोलरॉइडचे तीन तुकडे आणि साखरेच्या पाकाने भरलेला काचेचा पेला. टेबलामागे शिक्षकाऐवजी विद्यार्थी उभे राहावेत आणि येणाऱ्या प्रत्येक पालकाला प्रयोग स्वतःच्या हाताने करू द्यावा. पालकांनीही त्या दिवशी बक्षीस कोणाला मिळाले हे विचारण्याआधी मुलांना विचारावे की लाल दिव्याने स्टिकर का पेटला नाही, आणि उत्तर पुरते समजेपर्यंत त्या टेबलापासून हलू नये.